आतली शीर

प्रिय भिंगरी,

हे पत्र एकटी असताना वाच. खोलीचं दार लोटून घे. कुणी विचारलंच, तर आईचं नेहमीचंच रडगाणं आहे म्हणून सांग. तुमच्याकडे फोन वाजला की तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचा आणि भाजी चिरता चिरता सगळ्यांनी मिळून बोलायचं, अशी रीत आहे. एरवी मला ती आवडते. तुझ्या सासूबाई मधेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, जावईबापू लांबून ओरडून नमस्कार करतात, बरं वाटतं. पण मला जे सांगायचं आहे ते आधी तुझ्या एकटीच्या कानावर जायला हवं. मग पुढे कुणाला किती सांगायचं ते तू ठरव. शिवाय फोनवर माझा आवाज दगा देतो. कागदाला निदान आवाज नसतो.

मागच्या फोनवर तू किती कौतुकाने सांगत होतीस. संध्याकाळ झाली की पाय सुजतात, पैंजण रुततात, मग जावईबापू शेजारी बसून पोटऱ्या चोळून देतात, तेही माझ्याच पद्धतीचं तेल करून, लसूण ठेचून, कोमट करून. मी विचारलं, "एकच पाय सुजतो की दोन्ही?" तू हसलीस. म्हणालीस, "दोन्ही गं आई, एकच कसा सुजेल?" मी तिथेच स्टुलावर बसले. तुला वाटलं असेल की फोन कट झाला. मग दूध उतू चाललंय म्हणून मी फोन बाबांच्या हातात दिला. शेगडीवर दूध नव्हतं, काहीच नव्हतं. मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

एकच कसा सुजतो, तेच सांगते.

माझं काम तुला ठाऊक आहे. लहानपणी तू कितीदा तिथे चादरींच्या ढिगावर झोपली आहेस. त्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, ओल्या, जड, आणि आम्ही चौघी त्या इस्त्रीच्या मोठ्या तापलेल्या रुळाच्या दोन बाजूंना उभ्या. दोघींनी चादर आत सरकवायची, दोघींनी पलीकडून घडी करून घ्यायची. खाली सिमेंटची कायम दमट फरशी, वर वाफ. बसायला जागा नाही असं नाही, पण बसलं की चादर वाकडी जाते. वर्षानुवर्षं असं उभं राहिल्यावर पायांचं काय होणार? आमच्यातल्या एकीचेही पाय धड नाहीत. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या शिरा अशा उठलेल्या, जणू कातडीखालून कुणी सुतळी ओवली आहे. चहाच्या सुट्टीत आम्ही गाठोड्यांवर पाय टाकून बसायचो आणि कुणाची शीर किती फुगली याच्या तुलना करायचो, बायका साड्यांच्या करतात तशा.

आमच्यात एक आहे, तिला सगळ्या डॉक्टरीण म्हणतात. शाळेचं तोंडही धड पाहिलेलं नाही तिने, पण तिच्याकडे औषध नाही असा रोग नाही. पायांसाठी तिची यादी मोठी होती. सकाळी लसूण चावून खायची. आल्याचं पाणी प्यायचं. गार पाण्याची धार घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत सोडायची, वरून खाली नाही, नाहीतर रक्त खालीच बसतं म्हणे. कामावरून आल्यावर भिंतीला पाय लावून उताणं पडायचं. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं गुंडाळायचं. आणि रोज तेल, रोज मालिश, खालून वर, हृदयाच्या दिशेने. आमचा मुकादम, ज्याला आम्ही पोपट म्हणतो कारण तो प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो, तो म्हणायचा, "हिचं ऐकाल तर मराल. हिचं ऐकाल तर मराल." पण तोही गुपचूप तिच्याकडून तेल घेऊन गेला होता.

खरं सांगते, त्या उपायांनी मला आराम पडत होता. पायातला जडपणा उतरायचा, रात्री पोटऱ्यांत वांब येणं कमी झालं होतं. आणि ते तेल चोळायचे तुझे बाबा. ते कसे आहेत तुला माहीत आहे, इतक्या वर्षांच्या संसारात गोड शब्द म्हणून तोंडातून निघाला नाही. पण संध्याकाळी छोट्या चौरंगावर बसून माझी पोटरी मांडीवर घ्यायचे आणि दिवसभरातलं सगळं त्या हातांनी बोलायचे. कधी कधी मला सोबत म्हणून तेही भिंतीला पाय लावून पडायचे. दोन म्हाताऱ्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्यासारखे आम्ही दिसत असू. तू कापडाच्या दुकानात कामाला लागलीस, दिवसभर काउंटरमागे उभं राहायला लागलीस, तेव्हा हे सगळं मीच तुला शिकवलं. त्याचा मला अभिमान होता.

हिवाळ्यात माझी डावी पोटरी दुखायला लागली. नेहमीचं दुखणं नव्हतं ते. आत खोलवर कुणीतरी मुठीत धरून पिळतंय असं. मला वाटलं, गाठोडं उचलताना लचकली. मग ती सुजली, फक्त तीच. उजव्या पायात मोजा सैल आणि डाव्यात रुतलेला. हात लावला तर तो पाय गरम लागायचा, ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखा. मी त्या निळ्या शिरांकडे बघून त्यांनाच शिव्या घालत होते. पण भिंगरी, त्या शिरा दोन्ही पायांवर सारख्याच होत्या. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझ्याच काय, कुणाच्याच नाही. डॉक्टरीण म्हणाली, रक्त साकळलंय, उपाय वाढव. मी लसूण वाढवला, फडकं घट्ट बांधलं. आणि बाबांनी त्या संध्याकाळी जास्त वेळ, जास्त जोर लावून पाय चोळला. "गाठ आहे आत," म्हणाले, "मोकळी करतो." मला दुखत होतं, पण मी बोलले नाही. माणूस एवढं जीव लावून करतोय तर कसं बोलायचं?

दुसऱ्या दिवशी कामावर रुळापाशी उभी होते. चादरीची टोकं हातात होती आणि श्वास आत जाता जाता अर्ध्यावर अडला. तो धड आतही जाईना, बाहेरही येईना. छातीत एका बाजूला सुरी फिरावी तशी कळ. मला वाटलं वाफेने गरगरतंय. डॉक्टरिणीने पटकन आल्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. तो माझ्याच्याने चाववेना. माझ्या हातून चादर सुटली आणि तशीच वाकडी आत गेली, आणि मी समोरच्या बायकांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे होतं त्यावरून मला कळलं की माझं काहीतरी भयंकर होतंय. पोपटाने धावत जाऊन मशीन बंद केलं. ते मशीन कामाची पाळी चालू असताना कधीच बंद होत नाही. मी कधी तिथली शांतता ऐकली नव्हती. एकदम सगळा आवाज गेला आणि मला माझाच श्वास ऐकू आला, फाटक्या भात्यासारखा. पोपट फक्त एकदाच बोलला, "गाडी बोलवा." त्याने ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

हो, हे सगळं झालं आणि तुला कळवलं नाही. तुला सांगितलं की आई आत्याकडे हवापालटाला गेली आहे. तुझी आत्याही बिचारी फोनवर खोटं बोलली, आणि तिला खोटं बोलता येत नाही म्हणून तिने सारखी हवेचीच चौकशी केली. तेव्हा तू दुसऱ्यांदा दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आली होतीस. तुला आणखी काय सांगायचं होतं?

दवाखान्यात मला जी भेटली ती खरी डॉक्टरीण. पोरगेलीच आहे, बारीक कापलेले केस, बोलताना पलंगाच्या कडेला टेकून बसते. तिने मला समजावून सांगितलं. म्हणाली, आई, पायात दोन प्रकारच्या शिरा असतात. तुम्ही ज्यांना इतकी वर्षं तेल लावलंत त्या वरच्या. दिसायला वाईट, दुखतात, पण सहसा जीव घेत नाहीत. जीव घेणारी शीर आत असते, मांसाच्या खाली, ती दिसत नाही. तिच्यात रक्ताची गाठ झाली होती. त्या गाठीचा तुकडा सुटला, रक्ताबरोबर वर चढला आणि फुप्फुसात जाऊन अडकला. थोडा मोठा असता तर तुम्ही इथपर्यंत आला नसतात. हे ती अगदी शांतपणे बोलली. मग तिने विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

बाबा शेजारीच उभे होते, हातात माझी पाण्याची बाटली. मी म्हणाले, नाही. ते औषधं आणायला खाली गेले तेव्हा तिला खरं सांगितलं आणि हात जोडून म्हटलं, हे त्यांच्यासमोर कधी बोलू नका. ती म्हणाली, "त्यामुळेच गाठ सुटली असं कुणीच सांगू शकत नाही, ती आपणहूनही सुटते. पण एकच पाय सुजला, गरम झाला, दुखला, तर त्याला चोळायचं नाही. तडक दवाखान्यात यायचं." तिच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग मी बाबांसाठी जपून ठेवला आहे. दुसरा अर्धा तुझ्यासाठी. बाबांना मी एवढंच सांगितलं की रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे कातडीवर डाग उठतात, म्हणून मालिश बंद. त्यांनी मान डोलावली. आता संध्याकाळी त्यांना हातांचं काय करावं कळत नाही. घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालत बसतात. कधी कधी माझ्या पायाकडे बघतात आणि मग पटकन खिडकीकडे. त्यांच्या मनात ते आलं आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही.

घरी आल्यावर मी बरी झाले असं सगळे म्हणतात. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी माझी गत आहे. जाग आली की आधी एक पोटरी चाचपते, मग दुसरी. जिना चढताना धाप लागली की कठडा धरून थांबते आणि वाट बघते, आता कळ येईल, आता येईल. शिंक आली तरी आधी छाती धरते. आपलंच शरीर आपल्याशी काय करेल याचा भरवसा गेला की माणूस स्वतःच्याच घरात परक्यासारखा वावरतो. डॉक्टरीण, आमची ती लॉन्ड्रीतली, मला बघायला आली तेव्हा पिशवीत लसणाच्या काढ्याची बाटली होती. तिने ती बाहेर काढलीच नाही. जाताना दारात म्हणाली, "आता मला कुणालाच काही सांगायची भीती वाटते गं."

तसं खऱ्या डॉक्टरिणीने सगळंच मोडीत काढलं नाही. चालणं चांगलं, म्हणाली, पोटरी चालते तेव्हा रक्त वर ढकलते, हृदयानंतरचा दुसरा पंप तोच. उभं राहायचंच असेल तर टाचा वरखाली करत राहायच्या. पाय उंच ठेवणं चांगलं. गार पाण्याने बरं वाटत असेल तर जरूर घ्या. पाणी भरपूर प्या. ते आवळ मोजे घाला, पण आम्ही माप घेऊन देऊ ते, फडकी आवळून बांधायची नाहीत. स्वयंपाकात लसूण-आलं खा, मात्र त्याचे काढे आणि अर्क या गोळ्यांबरोबर घेतलेत तर रक्त वाजवीपेक्षा पातळ होईल. आणि मग तिने एक वाक्य टाकलं, जे मी रोज मनात घोळवते. उपाय वाईट नसतो, म्हणाली, पण कशावर करतोय ते आधी कळायला हवं.

नंतरच्या एका खेपेला तिने विचारलं, घरात कुणी कमी वयात अचानक गेलं आहे का? मी म्हटलं, माझी आई. तुझी आजी. तुझा मामा जन्मला तेव्हाची गोष्ट, मी परकर सावरत फिरायचे तेवढी होते. बाळंतिणीने उठायचं नाही म्हणून ती अंथरुणालाच खिळून होती. पाय दुखतो म्हणायची, आणि शेजारची बाई येऊन तो रगडून जायची. एके दुपारी पाणी प्यायला उठून बसली, भांडं तोंडाला लावलं, आणि आडवी झाली. कुणी म्हणालं हृदय कच्चं होतं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. मी आयुष्यभर हृदयच धरून चालले. हे सांगितल्यावर डॉक्टरिणीने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग माझं रक्त तपासायला पाठवलं. त्यात निघालं की माझं रक्त जरुरीपेक्षा लवकर गोठतं. आजार म्हणावा असं काही नाही, जन्मापासूनच तसं असतं, म्हणाली. कित्येकांना कधी कळतही नाही. पण ते वारशाने येतं, डोळ्यांच्या रंगासारखं. मामाने तपासून घेतलं, त्याला नाही.

आता तुझं. मी तिला तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, अगदी त्या दोन वेळांबद्दलही, ज्यांच्याविषयी आपण दोघी कधी बोलत नाही. तू पायऱ्या चढलीस म्हणून, तू बादली उचललीस म्हणून, दुकानात उभी राहिलीस म्हणून, हे सगळं तू ऐकून घेतलंस, आणि मला माहीत आहे, मनातून मानलंसही. म्हणूनच या वेळी दिवस गेल्यापासून तू पलंगावरून उठत नाहीस. डॉक्टरीण म्हणाली, खात्रीने कुणी सांगू शकत नाही, पण असं रक्त असेल तर कधी कधी मूल राहत नाही. यात आईचा काही दोष नसतो. हे वाक्य दोनदा वाच. आणि ती म्हणाली की तुझ्याकडे ते असण्याची शक्यता निम्मी आहे. दिवस गेलेले असताना रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात कुणी सांगितल्याशिवाय असं पडून राहणं चांगलं नाही, आणि बाळंतपणानंतरचे दिवस तर आणखी जपायचे. तपासणी साधी आहे. निघालंच, तर पोटात टोचायची बारीक इंजेक्शनं असतात, बाळाला त्यांचा त्रास होत नाही, आणि ती घेऊन कितीतरी बायका सुखरूप बाळंत झाल्या आहेत. मला लांबचा प्रवास अजून करू देत नाहीत, म्हणून हे पत्र देऊन बाबांना पाठवलं आहे. ते आत्ता बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसले असतील, आणि हवापाण्याचं बोलत असतील. त्यांना फक्त एवढंच ठाऊक आहे की तुझं रक्त तपासायचं आहे. मी मुद्दामच नीट सांगितलं नाही. चोळण्याबद्दल लिहिलंय ते पान तेवढं फाडून टाक, त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. सासूबाईंना मी मागाहून फोन करून समजावते, वाईटपणा घ्यायचाच तर मी घेते. भीती वाटेल, मलाही वाटते आहे. पण तू घाबरून पडून राहू नकोस, घाबरतच ऊठ. बाबांना पाणी दे, चपला घाल, आणि त्यांच्याबरोबर आजच दवाखान्यात जा.

तुझीच,
आई